तू संध्याकाळी घरी जातेस, मी इथेच असते

माझी आत्या आयुष्याची शेवटची तीन वर्षे एका शुश्रूषागृहात राहिली. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणे जड झाले होते, पण बुद्धी आणि स्मरणशक्ती अखेरपर्यंत शाबूत होती. एका संध्याकाळी मी नेहमीपेक्षा उशिरा, पावणेसातच्या सुमारास तिला भेटायला गेले, तर खोलीतला दिवा मालवलेला होता, खिडकीबाहेर अजून चांगले ऊन होते आणि आत्या पलंगावर छताकडे पाहत जागी पडून होती. तिला साडेसहालाच झोपवले होते. मदतनीस बायकांची पाळी सात वाजता बदलत असे आणि ज्यांना उचलून पलंगावर ठेवावे लागते अशा सगळ्यांना पाळी संपण्याआधी आडवे करायचे, अशी तिथली पद्धत होती. मी संतापले आणि आत्ताच जाऊन प्रमुखांशी बोलते म्हणाले. आत्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि एकेक शब्द जुळवीत म्हणाली, "नको. तू संध्याकाळी घरी जातेस, मी इथेच असते."

पुढे या विषयावर मी बरेच वाचले. निरनिराळ्या देशांचे कायदे पाहिले, न्यायालयांचे निकाल वाचले, आयोगांचे अहवाल चाळले. परंतु शुश्रूषागृहात राहणाऱ्या माणसाच्या हक्कांचा प्रश्न नेमका कुठे अडतो, हे आत्याइतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मला कुठेही आढळले नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची, त्यांच्याच हातून रात्री पाणी प्यायचे असते. ज्यांना 'नाही' म्हणायचे, त्यांनीच सकाळी अंग पुसायचे असते. कागदावर कितीही हक्क लिहिलेले असोत, ते मागताना जर मनात भीती असेल, तर मागण्याआधीच माणूस ते सोडून देतो.

मराठीत 'नर्सिंग होम' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एखाद्या डॉक्टरांचे छोटे रुग्णालय येते. मी बोलते आहे ते त्याबद्दल नव्हे. वार्धक्य, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांना रोजच्या रोज दुसऱ्याच्या मदतीची गरज लागते अशी माणसे जिथे महिनोन्महिने, बहुधा मरेपर्यंत राहतात, त्या जागेबद्दल हे लेखन आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्याला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. 'रुग्ण' म्हटले की तो बरा होऊन घरी जाणार असे आपण गृहीत धरतो आणि मग आठवडाभर कुणी अंथरुणातून उठवण्याची वेळ ठरवली, भेटीगाठी बंद केल्या, कपडे बदलायला लावले, तरी ते चालून जाते. ज्याला परत जायला दुसरे घरच उरलेले नाही, त्याच्या बाबतीत ती तात्पुरती शिस्त त्याचे सगळे उरलेले आयुष्य होऊन बसते. म्हणून अमेरिकेच्या कायद्यात सातत्याने 'रहिवासी' या अर्थाचा शब्द वापरला आहे आणि मीही तोच वापरणार आहे. आत्याच्या शुश्रूषागृहात मात्र तिला 'पेशंट' म्हणत, आणि पुष्कळदा 'बारा नंबर'.

अमेरिकेचा कायदा या विषयात वारंवार पुढे येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. तिथल्या शुश्रूषागृहांमधील हाल 1970 च्या दशकात पुन:पुन्हा उघडकीस आले. 1985 साली शुश्रूषागृहांत सुधारणा व्हावी म्हणून झटणाऱ्या एका नागरिक संघटनेने 15 शहरांतील 400 हून अधिक रहिवाशांना एकत्र बसवून, चांगली काळजी म्हणजे काय, हे त्यांनाच विचारले. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या वागणुकीविषयी आणि स्वत:च्या दिवसावर स्वत:ची काही सत्ता असण्याविषयी सांगितले. मला या घटनेचे महत्त्व फार वाटते, कारण तोवर दर्जा ठरवताना खोलीचे क्षेत्रफळ मोजले जाई, औषधांचे कपाट तपासले जाई, पण पलंगावरच्या माणसाशी कुणी बोलत नसे. पुढच्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेचा अहवाल आला आणि 22 डिसेंबर 1987 रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने नर्सिंग होम सुधारणा कायदा मंजूर झाला. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहाला तो बंधनकारक आहे. प्रत्येक रहिवाशाला शरीराने, मनाने आणि समाजात वावरण्याच्या दृष्टीने शक्य तितक्या उत्तम अवस्थेत राहता यावे, इतकी सेवा त्याला मिळालीच पाहिजे, असे हा कायदा सांगतो.

या कायद्यातले आणि त्याखालच्या नियमांतले हक्क वाचताना त्यांचा साधेपणा जाणवतो. आपले टपाल न उघडता आपल्या हाती मिळावे. आपला डॉक्टर आपण निवडावा. उठण्याची आणि झोपण्याची वेळ आपण ठरवावी. आपल्या पैशांचा व्यवहार आपण करावा आणि तो संस्थेकडे सोपवलाच पाहिजे अशी सक्ती नसावी. पती आणि पत्नी दोघेही तिथेच राहत असतील आणि दोघांची संमती असेल, तर त्यांना एका खोलीत राहता यावे. खोली किंवा खोलीतला सोबती बदलायचा असेल तर आधी सूचना मिळावी. हे वाचताना मला आठवण झाली ती एका दुपारची. मी आत्याच्या खोलीत शिरले तर तिच्या पलंगावर कुणी अनोळखी बाई झोपलेल्या होत्या आणि क्षणभर मला वाटले की आत्या गेली. तिला सकाळी दुसऱ्या मजल्यावर हलवले होते. तिला विचारले नव्हते, मला कळवले नव्हते, आणि तिचा चष्मा जुन्या खोलीतच राहिला होता. चष्मा सापडेपर्यंतचे चार दिवस तिने काहीही न वाचता काढले. कुणी तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही. केवळ विचारले नाही, एवढेच घडले होते, आणि या विषयातला बहुतेक अन्याय याच स्वरूपाचा असतो असे माझे मत आहे.

अर्थात याहून उघड अन्यायही असतात. शुश्रूषागृहात माणसांना बांधून ठेवणे ही एके काळी सर्रास चाललेली गोष्ट होती. कमरेचे पट्टे, छातीभोवती बांधायची जाकिटे, पुढे फळी अडकवून बंद करता येणाऱ्या खुर्च्या हे सगळे 'पडू नये म्हणून' वापरले जाई. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील शुश्रूषागृहांत सुमारे 40 टक्के रहिवाशांना कोणत्या ना कोणत्या प्रकारे बांधले जात होते. 1987 च्या कायद्याने शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्याला मनाई केली आणि पुढच्या काळात हे प्रमाण उतरत उतरत अगदी थोड्या टक्क्यांवर आले. बांधल्याने गंभीर इजा टळतात हा समजही अभ्यासांत टिकला नाही. बांधलेल्या माणसाचे स्नायू क्षीण होतात, तोल जातो, त्वचेवर व्रण पडतात आणि सुटण्याच्या धडपडीत तो अधिक वाईट रीतीने पडतो.

इथे मला माझी स्वत:ची चूक सांगितली पाहिजे. आत्या पहिल्या महिन्यात एकदा पलंगावरून उतरताना घसरली, तेव्हा रात्री पलंगाचे दोन्ही कठडे वर करून ठेवा, असे मीच सिस्टरांना बजावून सांगितले होते. ज्याला उतरायचेच आहे तो माणूस कठड्यावरून चढू पाहतो आणि मग नुसत्या पलंगाच्या नव्हे, तर कठड्याच्या उंचीवरून खाली येतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आत्या चढली नाही. तिने रात्री शौचालयाला जाणेच सोडून दिले, कारण बोलावल्यावर येणाऱ्या मदतनीस बाईंनी तिला सांगितले होते, "डायपर आहे ना, त्यातच करा." जिला लघवीची भावना होती, जी आधार दिल्यास चार पावले टाकू शकत होती, तिला माझ्या काळजीने आणि त्यांच्या सोयीने मिळून अंथरूण ओले करायला शिकवले. सहा महिन्यांनी तिची चार पावलेही गेली. मी ती मागणी करण्यापूर्वी आत्याला विचारले नव्हते, आणि हे मी आजही स्वत:ला माफ केलेले नाही.

पट्टे सुटले तरी बांधण्याचा दुसरा मार्ग उरतोच, तो गोळ्यांचा. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री फिरतो, ओरडतो, कपडे ओढतो, तेव्हा त्याला काय दुखते आहे किंवा कशाची भीती वाटते आहे हे शोधायला वेळ लागतो आणि गुंगीचे औषध द्यायला लागत नाही. एप्रिल 2005 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नव्या पिढीतील मनोविकारविरोधी औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापणे सक्तीचे केले, कारण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असे चाचण्यांतून दिसले होते. 2008 मध्ये हाच इशारा त्या गटातील जुन्या औषधांनाही लागू झाला. तरीही वर्तन आवरण्यासाठी ही औषधे देणे थांबलेले नाही.

गोर्गी तालेव्स्की या गृहस्थांचा खटला यासाठी मुद्दाम माहीत असावा. इंडियाना राज्यातील हे गृहस्थ स्मृतिभ्रंशामुळे 2016 साली एका सरकारी मालकीच्या शुश्रूषागृहात दाखल झाले. दाखल झाले तेव्हा ते चालत होते, बोलत होते आणि स्वत:च्या हाताने जेवत होते. त्यांच्या कुटुंबाच्या तक्रारीनुसार, काही महिन्यांतच ते स्वत:च्या हाताने जेवेनासे झाले आणि मातृभाषेखेरीज इतर भाषेतून बोलणेही त्यांना जमेनासे झाले. चौकशी केल्यावर त्यांना मनावर परिणाम करणारी सहा तीव्र औषधे दिली जात असल्याचे कळले. बाहेरच्या डॉक्टरांनी ती कमी केल्यावर ते पुन्हा आपल्या हाताने जेवू लागले. त्यानंतर संस्थेने त्यांना दूरच्या दुसऱ्या संस्थांमध्ये हलवायला सुरुवात केली. तालेव्स्की 2021 मध्ये वारले, पण खटला चालू राहिला आणि 8 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की रसायनांनी न बांधले जाण्याचा आणि योग्य कारण व पूर्वसूचना यांशिवाय न हलवले जाण्याचा हक्क हा त्या व्यक्तीचा स्वत:चा हक्क आहे आणि सरकारी संस्थेने तो मोडला तर ती व्यक्ती स्वत: न्यायालयात दाद मागू शकते. म्हणजे कायदा झाल्यानंतर साडेतीन दशकांनीही, हे हक्क रहिवाशाचे आहेत की केवळ संस्थेला पैसे देण्याच्या अटी आहेत, यावर वाद चालू होता.

मराठीत सोन्याचा पिंजरा हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती लेडी हेल यांनी 19 मार्च 2014 च्या एका निकालात जवळजवळ हेच म्हटले, की पिंजऱ्याला सोन्याचा मुलामा दिला तरी तो पिंजराच राहतो. ते प्रकरण वृद्धांचे नव्हते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तिघांचे होते. पण त्यात घालून दिलेली कसोटी शुश्रूषागृहांनाही तितकीच लागू पडली. माणसावर सतत देखरेख आणि नियंत्रण आहे का, आणि त्याला निघून जाण्याची मोकळीक आहे का, हे पाहायचे. तो निमूटपणे राहतो आहे, जागा छान आहे, सगळे त्याच्या भल्यासाठीच चालले आहे, या गोष्टींनी उत्तर बदलत नाही. त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले गेले असेल, तर ते का आणि किती काळ, याची तपासणी कुणीतरी स्वतंत्रपणे केली पाहिजे. मला यातला 'निमूटपणे' हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आत्याला तिथले कर्मचारी 'फार शांत पेशंट' म्हणत आणि मला ते ऐकून अभिमान वाटत असे.

रॉबर्ट पर्स्की या अमेरिकी लेखकाने 1972 साली 'जोखीम पत्करण्याची प्रतिष्ठा' अशा अर्थाची एक कल्पना मांडली होती. तीही बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसंदर्भातच होती. धोका पत्करण्याची संधीच काढून घेणे म्हणजे त्या माणसाची माणूस म्हणून असलेली किंमत कमी करणे होय, असे त्याचे म्हणणे. नातेवाइकांना हे पचवणे अवघड जाते. आपण पैसे भरतो ते सुरक्षिततेसाठी, आणि पडले-झडले तर जाब विचारणारेही आपणच असतो, त्यामुळे संस्था आधी आपल्या भीतीची सोय पाहते. एखाद्या बाईंना गिळायला त्रास होतो, तरी त्यांना मऊ केलेले अन्न नको असेल, तर धोका नीट समजावून सांगून त्यांचा निर्णय मान्य करायचा की नाही? मी पूर्वी 'नाही' म्हटले असते. आता म्हणणार नाही, मात्र हे सोपे आहे असेही म्हणणार नाही. ज्याला धोका समजण्याची क्षमताच उरलेली नाही त्याच्या बाबतीत कुणाला तरी ठरवावे लागतेच. परंतु क्षमता ही सगळी किंवा काहीच नाही अशी वस्तू नसते. पैशांचा हिशेब न समजणाऱ्या माणसाला आज निळे कपडे घालायचे की पांढरे, खिडकी उघडी हवी की बंद, अमुक मदतनीस बाईंनीच आंघोळ घालावी की नाही, हे नक्की कळते.

भेटींबद्दल दोन गोष्टी. रिचर्ड शुल्झ यांनी 1976 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका वृद्ध-निवासातील 40 जणांचे चार गट केले आणि त्यांतल्या तीन गटांकडे महाविद्यालयीन विद्यार्थी भेटीला पाठवले. एका गटाला भेट कधी आणि किती वेळ हे ठरवता येत होते, दुसऱ्याला ते आधी कळवले जाई, तिसऱ्याकडे विद्यार्थी अवचित येत आणि चौथ्याकडे कुणीच येत नसे. पहिल्या दोन्ही गटांची प्रकृती आणि उमेद इतरांपेक्षा चांगली राहिली, आणि त्या दोघांत फरक दिसला नाही. म्हणजे भेट केव्हा होणार हे ठाऊक असणेच पुष्कळ होते. पण प्रयोग संपला, विद्यार्थी येईनासे झाले, आणि पुढच्या पाहणीत दिसले की ज्यांना अधिक लाभ झाला होता त्याच गटांची घसरण झाली. मला हा प्रयोग अस्वस्थ करतो. दिलेली गोष्ट काढून घेणे हे मुळीच न देण्यापेक्षा वाईट ठरू शकते, आणि म्हणूनच या गोष्टी कुणाच्या मर्जीवर सोडायच्या नसतात. दुसरी गोष्ट मार्च 2020 ची. जगभर शुश्रूषागृहांची दारे बंद झाली, आणि अमेरिकेत ती नोव्हेंबर 2021 पर्यंत पूर्ण उघडली नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत दुसरा मार्ग नव्हता हे मला मान्य आहे. पण महिने लोटत गेले तेव्हा, संसर्गाने मरण्याचा धोका की मुलीचा चेहरा न पाहता जगणे, यातले काय पत्करायचे, हे ज्यांचे आयुष्य थोडे उरले होते त्यांना विचारायला हवे होते. तसे विचारल्याची उदाहरणे मला फारशी दिसली नाहीत.

आता पुन्हा आत्याच्या वाक्याकडे येते. तक्रार केली तर काय होईल, या भीतीचा इलाज कायद्याने कसा करायचा? मला वाटते, आजवर सापडलेले उपाय तीन आहेत. बाहेरचा माणूस, आतली एकजूट आणि काढून टाकता न येण्याची हमी. बाहेरचा माणूस म्हणजे ओम्बड्समन, हा शब्द स्वीडनमधून आलेला. अमेरिकेत 1972 साली पाच राज्यांत प्रयोग म्हणून शुश्रूषागृहांसाठी असे तक्रार-प्रतिनिधी नेमले गेले आणि 1978 पासून प्रत्येक राज्यात ही व्यवस्था असणे कायद्याने सक्तीचे झाले. हा प्रतिनिधी संस्थेत येऊ शकतो, रहिवाशाशी एकांतात बोलू शकतो, आणि रहिवाशाच्या संमतीशिवाय त्याचे नाव उघड करत नाही. आतली एकजूट म्हणजे रहिवाशांची परिषद. अमेरिकी नियमांनुसार संस्थेने तिला स्वतंत्र जागा द्यायची असते आणि कर्मचाऱ्यांनी बोलावल्याशिवाय त्या बैठकीत बसायचे नसते. मी या बारकाव्याला दाद देते, कारण प्रमुख बाई समोर बसल्या असताना "सगळे छान आहे" यापलीकडे कुणी काय बोलणार? त्याच नियमांत असेही आहे की सरकारी तपासणीचा ताजा अहवाल, कुणाकडे मागावा न लागता वाचता येईल अशा जागी ठेवला पाहिजे. ज्याने हे लिहिले त्याला मागण्यातली भीती कळली असणार.

तिसरी हमी सर्वांत मोलाची. संस्थेतून काढून टाकण्याची कारणे तिथे मोजकीच ठेवली आहेत. त्या व्यक्तीच्या गरजा तिथे भागू शकत नाहीत, प्रकृती सुधारल्याने तिथे राहण्याची गरज उरली नाही, तिच्यामुळे इतरांची सुरक्षितता किंवा इतरांचे आरोग्य धोक्यात येते, पैसे थकले, किंवा संस्थाच बंद होते आहे, एवढीच. सर्वसाधारणपणे 30 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते आणि तिच्याविरुद्ध अपील करता येते. 'नातेवाईक फार प्रश्न विचारतात' हे कारण त्यात बसत नाही. आत्याच्या वेळी आम्ही जो करार केला, त्यात "संस्थेस योग्य वाटल्यास" कधीही जागा सोडायला सांगण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला होता. मी तो वाचला होता आणि तरीही सही केली होती. आत्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला कुणीही तो कागद दाखवला नाही, मीही नाही.

हक्क कुणावर बंधनकारक, हा प्रश्न वकिली वाटतो, पण त्याने माणसे रस्त्यावर येऊ शकतात. इंग्लंडमध्ये अल्झायमर झालेल्या 84 वर्षांच्या एका बाईंना खासगी संस्थेने जागा सोडायला सांगितले. त्यांचा खर्च मुख्यत: नगरपालिका करत होती. 2007 साली तिथल्या सर्वोच्च पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की ती संस्था खासगी असल्याने मानवी हक्क कायदा तिला लागू नाही. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून ही फट बुजवली. भारतात त्याच 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याचा उल्लेख आहे, आणि तिथल्या सेवांचा दर्जा ठरवताना वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने यांचे नाव घेतले आहे. दार वाजवून आत येण्याचे, टपाल न उघडण्याचे, न विचारता न हलवण्याचे तिथे नाव नाही. औषध आणि करमणूक मिळाली की म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागते, असेच आपल्यातल्या पुष्कळांना मनातून वाटत असते, आणि कायदा लिहिणारे आपल्यातूनच जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 16 डिसेंबर 1991 रोजी वृद्ध व्यक्तींसाठी 18 तत्त्वे मान्य केली. त्यांतले चौदावे तत्त्व नेमके या विषयाचे आहे. कोणत्याही निवारा, शुश्रूषा किंवा उपचारगृहात राहताना माणसाचे सर्व मानवी हक्क अबाधित असावेत, त्याची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा आणि खासगीपणा जपला जावा, आणि आपली काळजी कशी घेतली जावी व आपले जगणे कसे असावे हे ठरवण्याचा त्याचा हक्क मानला जावा, असे ते सांगते. मात्र ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. स्त्रियांसाठी, मुलांसाठी, अपंग व्यक्तींसाठी जागतिक करार आहेत, वृद्धांसाठी अजून नाही. एप्रिल 2025 मध्ये मानवी हक्क परिषदेने असा करार तयार करण्यासाठी कार्यगट नेमण्याचा ठराव केला, तेव्हा कुठे त्याची सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या सेवेविषयी नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने (रॉयल कमिशन) 2019 साली दिलेल्या अंतरिम अहवालाचे शीर्षकच 'दुर्लक्ष' असे होते. 2021 च्या अंतिम अहवालात 148 शिफारशी होत्या, आणि रहिवाशांचे हक्क स्पष्ट शब्दांत सांगणारा तिथला नवा कायदा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला.

हे सगळे लिहिताना मदतनीस बायकांबद्दल माझ्या मनात राग नाही. आत्याच्या मजल्यावर रात्री दोघी जणी असत आणि रहिवासी तीसच्या वर. एका माणसाला उचलून शौचालयात नेणे, थांबणे, स्वच्छ करणे, परत आणणे याला वीस मिनिटे सहज लागतात. हिशेब केला तर "डायपरमध्येच करा" हे वाक्य क्रौर्यातून आलेले नाही हे लक्षात येते. ते अंकगणितातून आले आहे. म्हणून मनुष्यबळ हा व्यवस्थापनाचा विषय म्हणून बाजूला ठेवता येत नाही, तो हक्कांचाच विषय आहे. अमेरिकेने 2024 साली प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान 3.48 तासांची शुश्रूषा असा नियम केला. संस्थांनी तो परवडणार नाही म्हणून विरोध केला आणि 2025 मध्ये तिथल्या एका संघराज्य न्यायालयाने तो रद्द ठरवला. हक्कांची यादी भिंतीवर लावायला खर्च येत नाही. ते पाळायला माणसे लागतात, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

साडेसहाच्या त्या झोपेचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी तक्रार केली नाही. आत्याची परवानगी मिळायला दोन महिने लागले, आणि तीही तिने तक्रारीसाठी दिली नाही, फक्त विचारून पाहण्यासाठी दिली. रात्रपाळीला एक मदतनीस बाई होत्या. त्या म्हणाल्या, यांना शेवटी ठेवते, साडेआठला मी झोपवीन. पाच महिने तसे चालले. मग त्यांची बदली झाली आणि आत्या पुन्हा साडेसहाला पलंगावर गेली, कारण ती सवलत कुठेही लिहिलेली नव्हती आणि ज्यांनी दिली त्यांच्याबरोबर ती गेली.

त्या पाच महिन्यांत मी मुद्दाम उशिरा जात असे. साडेआठ वाजता दारावर दोनदा टकटक होई आणि बाहेरूनच आवाज येई, "आजी, येऊ का आत?" आत्या खिडकीशी खुर्चीत बसलेली असे. दमलेली असे, मान कलती झालेली असे, हे मला दिसत होते. तरी बहुतेक वेळा ती दाराकडे न वळता म्हणे, "दहा मिनिटांनी या." आणि त्या दहा मिनिटांनी येत.